सारिकाचे दुसऱ्या खेपेचे अर्ज

३ जुलै
सकाळी चहा गाळताना सारिका म्हणाली, "मी यंदा पुन्हा अर्ज करणारे." मी बरं म्हणालो आणि दुकान उघडायला आलो. दिवसभर तेच डोक्यात. पावसाळ्यात रंग कुणी घेत नाही, नळ-पाइपवर दुकान चालतं, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ.
(इथून पुढे सा. लिहीन. रंगवाल्यांच्या फुकट डायरीत ओळी आखूड असतात.)

४ जुलै
आईला कळलं. "मागल्या साली समद्यांनी न्हाय म्हटलं ना? मग परत कशापायी?" समजावून सांगितलं. अमेरिकेत अर्थशास्त्राची पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षं. एकदा घेतलं की फी नाही, उलट राहण्याखाण्याचं तेच बघतात. म्हणून जगभरातली हुशार मुलं अर्ज करतात. आई सगळं ऐकून म्हणाली, "आन् तू?" मी काय? "तू पाच वर्सं बायकोबिगर हितं काय करशील?"
मी दुकानात जाऊन पाइप मोजत बसलो.

११ जुलै
गेल्या वर्षी नकार का आले ते सा.ने शोधून काढलं म्हणते. "दोन गोष्टी. माझ्याकडे गणित नाही. आणि नमुना म्हणून जो निबंध पाठवला त्यात माझं स्वतःचं काही नव्हतं, चार पुस्तकांची मिसळ होती."
"कुणी कळवलं?"
"कुणी नाही. मी तिथली प्रोफेसर असते तर मीही मला घेतलं नसतं."
 तिचं कॉलेज कुणाला माहीत नाही, म्हणून नाकारलं, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. कॉलेज आहेच तसं. खाली मंगल कार्यालय, वर दोन मजले कॉलेज. लग्नसराईत सनईच्या आवाजात लेक्चर. सा. तिथंच एम.ए. झाली, खराडीची ऑफिसातली नोकरी सोडून तिथंच तासिकेवर शिकवते. पण ती कॉलेजवर एक शब्द ढकलत नाही.

१९ जुलै
पुण्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या गणिताच्या वर्गात बसायची परवानगी काढली. सगळी पोरं एकोणीस-वीस वर्षांची, ही एकोणतीसची, पहिल्या बाकावर. शिकवणाऱ्या आगाशे बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आपण वर्ग चुकलात का?"
सा. म्हणाली, "नाही बाई. दहा वर्षांपूर्वी चुकले होते."
बाई हसल्या नाहीत म्हणे. पण बसा म्हणाल्या.

९ ऑगस्ट
पहिली चाचणी. सा. नापास. पेपर मला दाखवला, लपवला नाही. सगळे प्रश्न "सिद्ध करा", "सिद्ध करा". "उत्तर मला येतं रे. ते खरं का आहे, हे आजवर कुणी मला विचारलंच नव्हतं." जेवली, भांडी आवरली, परत पहिल्या गणितापासून बसली. मी नापास झालो होतो तेव्हा बारावीचं पुस्तक रद्दीत घातलं होतं.

२४ ऑगस्ट
शेख सर दुकानात आले. सा.चे एम.ए.चे सर. घरचं पेठेत कुलपांचं दुकान, त्यामुळे आले की आधी माझ्या कडी-कोयंड्यांना नावं ठेवतात. आज ठेवून झाल्यावर स्टुलावर बसले. अर्जासाठी तीन शिफारसपत्रं लागतात, त्यातलं एक सरांचं. गेल्या वर्षी घाईत लिहिलं म्हणाले, यंदा नीट लिहिणार.
"तिकडे मला कोण ओळखतं? मी 'फार हुशार' लिहिलं तर ते म्हणणार, हे सांगणारा तू कोण? तो शब्दच वापरणार नाही. तिने काय केलं तेवढं लिहिणार."
"काय केलं?"
मग सांगितलं. सर जे उदाहरण वर्षानुवर्षं फळ्यावर मांडत आले, ते एका ठिकाणी चुकतं, असं सा. वर्गात उभं राहून म्हणाली. सरांनी तिला खाली बसवलं. घरी जाऊन मांडून बघितलं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, मी चूक, ती बरोबर.
"हे लिहिणार तुम्ही? अमेरिकेला?"
"हेच लिहिणार. माझी चूक आहे ना, म्हणून त्यांना खरं वाटेल."
जाताना कोयंडा घेऊन गेले एक. नावं ठेवलेलाच.

७ सप्टेंबर
नवा निबंध ठरला. आसपासच्या गावांतल्या जमिनी बिल्डरांना गेल्या, तेव्हा ज्या घरांतल्या बहिणींनी हक्क सोडून सह्या दिल्या आणि ज्या घरांतल्या बहिणींनी दिल्या नाहीत, त्या घरांत आलेला पैसा वेगवेगळ्या ठिकाणी गेला का. सा.चा अंदाज, बहिणींचा वाटा राहिला त्या घरांत मुलींच्या शिक्षणाला जास्त गेला असणार. मी म्हटलं, हे अर्थशास्त्र आहे? म्हणाली, "मग काय आहे?"
पहिली मुलाखत आप्पांची. माझे वडील सुनेसमोर कागद-पेन बघून अवघडून बसले होते. मी दारात. ती शांतपणे विचारत गेली: कोणतं रान, कधी विकलं, कुणाकुणाच्या सह्या. मग, "आत्यांनी सही केली तेव्हा त्यांना काय दिलं?"
आप्पा पंख्याकडे बघत राहिले. "साडी," म्हणाले. थोड्या वेळाने, "आन् जेवान."
त्यानंतर जे बोलायला लागले ते थांबेनात. धाकट्या बहिणीने सही करून परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून बघितलंच नाही, ते सुद्धा सांगितलं. एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. ती मध्ये बोलली नाही, हळहळली नाही, फक्त लिहून घेत राहिली आणि योग्य जागी पुढचा प्रश्न विचारत राहिली. उठताना आप्पा म्हणाले, "लिव्ह समदं. नाव तेवढं घालू नगंस."

८ सप्टेंबर
आई बिथरली. "घरातलं समदं अमेरिकेला कळवायचं का आता?"
आप्पा: "त्येंला आपलं नाव बी ठावं न्हाय."

२ ऑक्टोबर
सा.ला घरांत कुणी उभं करत नाही. जमिनीचं विचारते म्हटल्यावर दारातूनच: "कुन्या बिल्डरनं धाडलंय गं तुला?" आठ दिवस रोज रिकामी परत. थांबवावं असं वाटत होतं मला. 

५ ऑक्टोबर
आज आप्पा टोपी घालून तयार. "चल, मी येतो." सा.ची स्कूटर, आप्पा मागे, मांडीवर तिच्या कागदांची पिशवी. चौकातली माणसं दात काढत होती. सासरा सुनेच्या मागं बसलाय! आप्पांनी नुसती टोपी सारखी केली. आता दारं उघडतात. आप्पा बाहेर पुरुषांशी तंबाखू मळत बसतात, सा. आत बायकांशी बोलते. एक म्हातारी तिला म्हणाली, "मंगळवारी ये, आज सून घरात हाय."
मंगळवारी जाणार आहे.

३ नोव्हेंबर
सगळं मांडून झालं. सा.चा अंदाज चुकला. बहिणींचा वाटा राहिला त्या घरांत मुलींच्या शिक्षणाला जास्त गेलं, असं काही दिसत नाही. मला वाईट वाटलं. एवढं उन्हातून फिरली, आप्पांना फिरवलं.
"मग वाया गेलं?"
"नाही रे. मला जे वाटत होतं ते तसं नाही, हे कळलं."
"जरा इकडचं तिकडे केलं तर?"
तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागलो.
तसंच लिहिणार आहे. चुकला म्हणून.

१६ नोव्हेंबर
आगाशे बाईंना दुसरं पत्र मागितलं. आता चाचण्यांत बरे मार्क आहेत, वर्गात पहिली नाही पण वरच्यांत. बाई म्हणाल्या, "लिहीन. स्तुती करणार नाही. सुरुवातीला काय होतं आणि आता काय आहे, तेवढं लिहीन." सा. घरी आली ती उड्या मारत. मी म्हटलं, बाई स्तुती करणार नाहीत ह्यात आनंद कसला? म्हणे, बाईंनी आजवर कुणाला पत्रच दिलेलं नाही.
तिसरं पत्र खराडीच्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमचं, ते लगेच मिळालं.

२८ नोव्हेंबर
नवी अडचण. सरांचं पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जायला हवं, आणि कॉलेजला असा ईमेलच नाही. सर रोज प्राचार्यांच्या केबिनमध्ये. प्राचार्य: "आजवर कुणाला लागला नाही तो!" शेवटी आज झाला. सर दुकानात येऊन म्हणाले, "एका मुलीच्या अर्जापायी कॉलेज एकदाचं ह्या शतकात आलं."

१४ डिसेंबर
शेवटचा अर्ज गेला. सा. दुपारी झोपली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दुपारी झोपलेलं बघितलं. आईने तिच्या अंगावर चादर टाकली, वर माझ्यावरच डाफरली, "आवाज करू नको."

२७ जानेवारी
पहिला नकार. "बरं," म्हणाली आणि तासाला गेली.

६ फेब्रुवारी
दुसरा, तिसरा. सकाळी उठल्यावर फोन ती आधी बघत नाही. आंघोळ, चहा, आईची गोळी, मग फोन.
तिसरा वाचून दाखवला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. म्हणजे जाणार नाही. इथं लिहितो, दुसरीकडे कुठे म्हणणार नाही. संध्याकाळी ती तशीच पहिल्या वर्षाच्या पोरांच्या वह्या तपासायला बसली, प्रत्येक चुकीपुढे का चुकलं ते सविस्तर लिहीत. मला माझीच लाज वाटली.

१७ फेब्रुवारी
एका विद्यापीठाला तिच्याशी बोलायचंय! व्हिडिओवर, संध्याकाळी साडेसातला. मी दुकान लवकर बंद केलं. सा. आतल्या खोलीत, आम्ही तिघं स्वयंपाकघरात. आईने कुकर गॅसवरून उतरवून ठेवला. "तिचं होऊ दे, मग शिट्टी."
दाराआडून जेवढं समजलं ते. दोन प्रोफेसर, एक बाई, एक बाप्या. बाप्याने विचारलं, तुमच्या कॉलेजबद्दल सांगा, आम्हाला काही सापडलं नाही.
सा. इंग्रजीत म्हणाली, सापडणार नाही. छोटं आहे, खाली लग्नं लागतात. पण तिथे एक शिक्षक आहेत, जे वर्गासमोर आपली चूक कबूल करतात. मी त्यांच्याकडे शिकले.
पुढे बाईंनी निबंधावर विचारलं, तुमचा अंदाज चुकला होता, मग तो निबंधात लिहिलाच कशाला? ती म्हणाली, मला काय वाटत होतं ते लोकांना माहीत असायला नको का, मग जे सापडलं त्याचा अर्थ कसा लावणार?
 मग तिकडून त्या बाई खळखळून हसल्या. आई घाबरून माझ्याकडे, "काय झालं रं?" चांगलं झालं आई. मला वाटतं चांगलं झालं.
एवढ्या ठाम आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. किंवा ती रोज तसंच बोलत असेल आणि मी हिशोबात डोकं घालून

४ मार्च
आणखी दोन नकार. त्या बोललेल्या विद्यापीठाचं काही नाही.

१२ मार्च
घेतलं. त्याच विद्यापीठाने. पत्र आलं तेव्हा सा. आप्पांच्या खोलीत होती, ओरडली नाही, रडली नाही, पत्र दोनदा वाचलं आणि आप्पांच्या कॉटवर बसली. मी मागून वाचलं. फी नाही, राहण्याखाण्याचं देणार.
लहानसं गाव आहे, बर्फ पडतो, चारी बाजूंनी मक्याची शेतं.
आप्पा म्हणाले, "मका हाय म्हंजे मानसं बरी असतील."
आई देवापाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा सा.ला एवढंच म्हणाली, "थंडीचं काय घालशील गं तू?"

२० मार्च
आगाशे बाईंना सांगायला गेली होती. बाई: "छान. उरलेले दोन धडे संपवूनच जा."

२ एप्रिल
एप्रिलच्या मध्यापर्यंत होकार कळवायचा होता, आज कळवला. मी शेजारी बसलो होतो. बटण दाबायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतं, हे मला माहीत होतं.
पाच-सहा वर्षं. दुकान आहे. आप्पांचे गुडघे. माझं इंग्रजी. मी तिकडे जाऊन काय करणार, आणि इकडे राहून काय

६ एप्रिल
दोघं शेख सरांकडे गेलो. सरांनी तिचं पत्र चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून वाचलं. अभिनंदन वगैरे म्हणाले नाहीत. म्हणाले, "आपल्या कॉलेजचं नाव तिथे आता कुणीतरी एकदा वाचलंय. पुढच्या पोरीला तेवढं सोपं." मग आत गेले आणि पाण्याचा ग्लास आणायला फार वेळ लावला.
स्कूटरवरून परत येताना सिंहगड रोडच्या सिग्नलला थांबलो. सा. मागून म्हणाली, "तू येशील?"
एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.
"बघू," मी म्हणालो.
"पुण्यात 'बघू' म्हणजे नाही."
"मी पुण्याचा नाही, धायरीचा. आमच्यात बघू म्हणजे बघू."
सिग्नल सुटला.  धायरी फाट्यावर वळताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"मग नीट बघ," म्हणाली.