व्हॉल्व्हची ऊब

४ फेब्रुवारी
जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत, तसल्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवायला घेतला. बाजारातल्या डब्यांतून नुसता आवाज येतो. व्हॉल्व्हमधून ऊब येते. महिनाअखेरीला आप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, वाढदिवस. सासूबाई गेल्या, त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट मागे राहिली. ती आप्पांना माझ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकवणार, असं जेवताना जाहीर केलं. ही म्हणाली, आईच्या कॅसेटला काही झालं तर तुम्हीही घराबाहेर आणि तुमची ऊबही. कॅसेट तिने कपाटात कुलूप लावून ठेवली. उत्तेजन देण्याची एकेकाची तऱ्हा.

७ फेब्रुवारी
सगळं बसवायला हिचा केकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा उत्तम. रीतसर परवानगी मागितली. भोकं आधीच पाडून झाली होती, त्यामुळे चर्चा लांबली.

११ फेब्रुवारी, सकाळी
सुरू केला. व्हॉल्व्ह तापले. स्पीकरमधून आवाज आला. गूंऽऽऽ. याला हमिंग म्हणतात. सुरुवातीला थोर थोर अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतात. वरच्या काकू विचारून गेल्या, गिरणी कधीपासून टाकलीत?

१५ फेब्रुवारी
अर्थिंगच्या सगळ्या वायरी नव्याने जोडल्या. हमिंग जास्त भरदार झालं. मेव्हणा आला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, दाजी, फ्रिज दुरुस्तीला टाका. फ्रिज स्वयंपाकघरात आहे. माणसाला गाण्याचा कान नाही, काय बोलणार.

१९ फेब्रुवारी
व्हॉल्व्हचा उजेड दिवसा दिसतच नाही. खालून केशरी एलईडी लावले, वेगळ्या बॅटरीवर. ही फसवणूक नव्हे. सादरीकरण आहे.

२३ फेब्रुवारी
ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला हलवला. डब्यात हात घालण्याआधी मी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवतो. इतक्या शिस्तीचे लोक आता राहिले नाहीत.

२४ फेब्रुवारी
हमिंग गेलं!! बटण दाबलं, एलईडी लागले, आणि स्पीकरमधून चकार शब्द नाही. अशी शांतता महागड्या मशीनलाही जमत नाही. हिला बोलावून ऐकवली. ती म्हणाली, आता काय ऐकायचं? हेच तर.
ठरवलं: यापुढे डब्याला हात लावायचा नाही.

२८ फेब्रुवारी
आज आप्पांचा वाढदिवस. ऐतिहासिक दिवस. टेबलावर माझा डबा, शोभा जाऊ नये म्हणून जुना टेपरेकॉर्डर त्याच्या मागे. कॅसेट लावली. काहीच नाही. मेव्हणा म्हणाला, ताई, केक झाला का बघ. मी सर्वांना समजावलं की व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आप्पा नुसते डब्याकडे बघत बसले होते. ही उठली, मागे जाऊन वायर नीट करते म्हणाली, आणि सासूबाई गायला लागल्या! आवाज जरा बारीक, पण काय तो खरेपणा. मधेच गाणं थांबवून त्या म्हणाल्या, अहो, ते दार लावा आधी, माशा येतायत.
आप्पा उठले आणि दार लावून आले.
कोणीच हसलं नाही. मेव्हणासुद्धा. आप्पा म्हणाले, पुन्हा लाव.
याला म्हणतात ऊब.

१ मार्च
हिने शर्ट धुवायला घेतला. खिशातला फ्यूज माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला. मीच विचारलं, मग काल वाजलं काय? म्हणाली, तुमची वायर उपटली, म्हणजे टेपरेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर सुरू झाला. बाबा किती वेळ ताटकळणार?
फ्यूज घालून पाहिला. गूंऽऽऽ.

१ मार्च, दुपारी
आप्पांचा फोन. रविवारी ते मशीन घेऊन या म्हणाले, दार उघडं ठेवतो.
हिने पिशवीत टेपरेकॉर्डर आणि कॅसेट भरली. मग म्हणाली, तुमचा डबाही घ्या, बाबांना त्याचे दिवे आवडले.
एलईडीची बॅटरी बदलली. फ्यूज घरीच ठेवतोय.