बॅट टाकायची असते

फुजैरा, शुक्र. १४ नोव्हें. २००८

सु. आज पुन्हा बॅट घेऊन पळाला. चौदा वर्षं बेसबॉल खेळतोय, तरी चेंडू लागला की बॅट टाकायची असते हे त्याच्या पायांना पटत नाही. क्रिकेटचं जुनं वळण. पहिल्या बेसवर जाऊन बॅट टेकवली, क्रीज असल्यासारखी. तोवर चेंडू पोचला होता, बाद.

वॉल्टर, तेलाच्या टर्मिनलचा मॅनेजर आणि आमचा कॅप्टन, ओरडला, "सुधीर, ड्रॉप इट!"

"सर, वर्षातून दोनदा चेंडूला लागते. सोडवत नाही."

रत्नागिरीचे हमीदभाई माझ्याशेजारी बसले होते. "वहिनी, लग्नात हार तरी घातलान का, की तोपण घेऊन पळाला?"

मग सु. शॉर्टस्टॉपला उभा राहिला आणि माणूसच बदलला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधून रेतीवर सरपटत चेंडू आला. उचलला कधी, फेकला कधी, दिसलंच नाही. वय छप्पन्न!

शुक्र. १२ डिसें.

समुद्रात जहाजं नुसती नांगर टाकून उभी. मंदीमुळे टर्मिनलवर काम नाही. आमचा पिचर रोडेल काल मनिलाला परत गेला, कायमचा. बॅगेत ग्लव्ह मावेना म्हणून सु.ला देऊन गेला.

सु.चा पहिला शुक्रवार आठवला. ९४, आम्ही इथे नवे. एक माणूस कमी होता म्हणून वॉल्टरने याला उभं केलं. याने ग्लव्ह काढून ठेवला. "यात चेंडू कळत नाही." उघड्या हाताने झेल. तळवा आठवडाभर लाल, मी हळद लावतेय, हा हसतोय. बेचाळीसचा होता. तेव्हा वाटायचं, आपलं वय झालं.

शुक्र. ३० जाने. २००९

वॉल्टर यादी करतोय. कुणाला काढायचं त्याची. नोकरी गेली की व्हिसा गेला, मग महिन्याभरात घर आवरायचं. सगळ्यांना माहीत आहे, मैदानात कुणी बोलत नाही.

पुण्याहून निशाचा फोन. "आई, जस्ट आस्क हिम! ही इज युअर फ्रेंड."

काय सांगू मुलीला. दर शुक्रवारी वॉल्टरला कोथिंबीरवडी खाऊ घातली, म्हणून विचारायचं?

सु. टाक्यांचे व्हॉल्व्ह तपासतो. म्हणाला, "तिथेही मी शॉर्टस्टॉपच गं. गळती झाली तर लोकांना माझं नाव आठवतं. होऊ दिली नाही, तर कोण विचारतं?" मग लगेच काहीतरी विनोद. मी हसले. त्याच्यासाठी.

शुक्र. २७ फेब्रु.

रास अल खैमाची सिमेंटवाली टीम आली आणि आमचे आठच. नऊ लागतात. वॉल्टर सामना सोडायला निघाला. सु. म्हणाला, "नववी डबा घेऊन बसलीय."

"अहो, मी?"

"कॉन्व्हेंटात राउंडर्स खेळायचीस ना? चल, यल्ला!"

खेळायचे. सिस्टर अ‍ॅग्नेसची शिट्टी, कॅनव्हासचे पांढरे बूट, दोन वेण्या... चाळीस वर्षं झाली. सलवार-कमीजवर टीमची टोपी घालून पार उजव्या कोपऱ्यात उभी राहिले. देवाच्या दयेने चेंडू तिकडे फिरकला नाही. बॅटिंगला मात्र जावंच लागलं. त्यांच्या पिचरने अलगद टाकला. लागला! आणि मी पळाले, बॅट घट्ट धरून. राउंडर्समध्ये बॅट घेऊनच पळतात ना.

वॉल्टर डोकं धरून, "देअर आर टू ऑफ देम!"

सु. हसता हसता रेतीत बसला. मी बाद. किती वर्षांनी एवढी हसले.

शेवटचा झेल सु.ने आडवं पडून घेतला. गुडघा सोलला. वॉल्टर त्याच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मी डबा पुढे केला. त्याने वडी घेतली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

गाडीत सु. म्हणाला, "पाहिलंस?"

"हो."



शुक्र. २७ मार्च

ज्यांना काढलं त्यांना पत्रं रविवारी मिळणार. वॉल्टरने एवढंच सांगितलं.

आज सहाच जण. सामना नाही, नुसती टाकाटाकी. सु.च्या बॅटला चेंडू लागला, स्वच्छ, सगळ्यांच्या मधून. आणि त्याने बॅट टाकली. तिथेच, नियमाप्रमाणे. बेसवर पोचला, सेफ.

कुणी हसलं नाही. हमीदभाईंनी हळूच विचारलं, "बरा आहेस ना रे?"

वॉल्टरने आज दोन वड्या घेतल्या. सु. म्हणाला, "अर्थ लावू नकोस."

सगळे निघाले तरी बॅट रेतीत पडलेली. मी उचलली आणि हातात धरून गाडीपर्यंत आले. आता ती घरी दाराशी टेकून उभी आहे. सु. दोनदा तिच्यापाशी जाऊन आला.

रविवार परवा.