फाकेस म्हणजे मसूर

कोल्हापूर
दि. २० मे २०२५

ती. आक्का,

शिवलीलाचे शरणु शरणार्थी. दाजींनाही सांग. इकडं सगळं ठीक हाय. काजू सोलून काळी पडलेली तुझी बोटं बरी झाली का? हातमोजे घाल म्हणून कितीदा सांगितलं, पण ऐकशील तर तू आक्का कसली.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझा आवाज आला की माझी दातखीळ बसते. तर सरळच सांगते. मला सायप्रसला काम मिळालंय. एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं नि तिचं जेवणखाण बघायचं. दोन वर्षांचा करार, सहा जूनचं विमान. विद्याश्रीला तुझ्याकडं आजऱ्याला ठेवून घे, हे मागायला हे पत्र. तिचा शाळेचा दाखला काढून ठेवलाय.

रागावशील, माहीत हाय. मल्लेशच्या माघारी एकटीनं पोर सांभाळत तीन वर्षं हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटल्या. दिवाळीनंतर ती मेसही बंद पडली. घरोघरची स्वयंपाकाची कामं आज हायत, उद्या न्हायत. पोरगी पाचवी पास झालीय, हुशार हाय. तिचं शिक्षण अर्ध्यात सुटायला नको, बास.

राजारामपुरीतल्या एजंट बाईनं एक कागद दिलेला. खायच्या जिनसांची नावं, तीन रकाने: मराठी, इंग्लिश नि तिकडं बोलतात ती ग्रीक. पाठ करून या म्हणाली, तिकडची मालकीण फोनवर तोंड बघून विचारते. मिल्क म्हणजे गाला. ब्रेड म्हणजे प्सोमी. सॉल्ट म्हणजे अलाती. तेलाला लादी नि मधाला मेली म्हणतात, त्यावर विद्याश्री दोन दिवस हसत होती. तिनंच चिठ्ठ्या लिहून डब्याडब्याला चिकटवल्या. चटणीचा डबा तेवढा कोरा राहिला, कारण कागदात चटणीच नव्हती. आता बघ, कुठल्या गावाला चाललेय मी. रोज संध्याकाळी चिठ्ठीवर हात ठेवून माझी परीक्षा घ्यायची. चुकले की, "आई, लक्ष कुठं हाय तुझं?" अगदी तुझाच आवाज.

कागदाच्या खालच्या निम्म्यात आपल्यात न चालणारं. एग, अव्गो. फिश, प्सारी. चिकन, कोतोपुलो. मीट, क्रेआस. एजंट बाई म्हणाली, हे शिजवता येत नसलं तर तुमचं नाव पुढं पाठवत न्हाय. मी म्हटलं, येतं की.

येत नव्हतं, आक्का. म्हणून शेजारच्या तानाबाईकडं शिकायला गेले. ती भली बाई, पण तिलाही कसंतरी झालं. "अगं, तुमच्यात शिवत न्हाईत, कशाला हात बुडवतीस?" म्हणाली. मी ऐकलं न्हाय. शेगडीपुढं उभं राहायच्या आधी गळ्यातलं लिंग काढलं, कापडात बांधलं नि विद्याश्रीच्या हातानं घरी देवाजवळ पाठवलं. आपल्या अप्पांनी लहानपणी स्वामींच्या हातून बांधवलेलं ते. बाळंतपणातही उतरवलं नव्हतं. चार रविवार असं केलं. मीठ बघायला रस्सा जिभेवरही ठेवला. तू विचारायच्या आधीच सांगते, ओकारी आली न्हाय. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मार्चमध्ये एजंट बाईकडं फोन आला. पडद्यावर म्हातारी नि तिची लेक, मधी एजंट बाई दुभाषी. काय काय करता येतं विचारल्यावर मी जोरात क्रेआस, कोतोपुलो सुरू केलं. म्हातारीनं कपाळाला नि छातीला हात लावून क्रूस केला नि नको नको म्हणून मान हलवली. त्यांचा मोठा उपास चाललेला. ईस्टर होईस्तोवर मांस न्हाय, अंडं न्हाय, दूधसुद्धा न्हाय. एरवीही ती बुधवार-शुक्रवार पाळते म्हणे. मग तिनं मला विचारलं, "फाकेस?"

कडधान्यांची ओळ मी पाठच केली नव्हती. जन्मभर तेच शिजवलंय, त्यात काय शिकायचं, म्हणून सोडलेली. फोनमागं विद्याश्री उभी होती. हळूच म्हणाली, "मसूर, आई. फाकेस म्हणजे मसूर." मग माझी गाडी सुटली. आख्खा मसूर किती वेळ भिजवायचा, कांदा कुठवर परतायचा, लसूण कधी घालायचा. म्हातारी हसायला लागली. आठवड्यात काम पक्कं झालं.

म्हणजे चार रविवार मी जे केलं त्याची गरजच नव्हती. घरी येऊन पोटभर रडले. लिंग परत बांधलंय खरं. स्वामींपुढं जायला तोंड न्हाय. तू म्हणशील ते प्रायश्चित्त घेईन. मला काय बोलायचं ते बोल, पण पोरीला त्यात धरू नकोस. तिनं तोंडाला काही लावलेलं न्हाय. तुझ्या घरात तिचा विटाळ मानू नकोस, पाया पडते.

अजून एक राहिलंय. तेच टाळत टाळत चार पानं भरली. विद्याश्रीला वाटतंय, आम्ही दोघी चाललोय. मी तसं कधी म्हणाले न्हाय, नि तसं न्हाय असंही म्हणाले न्हाय. दाखला काढला तेव्हा तिनं विचारलं, तिकडची शाळा कसली असती? मी म्हटलं, बघू. मैत्रिणींचा निरोप घेऊन आलीय ती. त्या दिवशी फोनमागून ती बोलली नसती तर मी इथंच राहिले असते, हे तिच्या ध्यानात येऊ देऊ नकोस.

रोज सांगायला बसते नि तोंड उघडत न्हाय. तू ये. एक तारखेच्या आत ये. तू सांग तिला, न्हायतर मी सांगताना माझ्या शेजारी बस.

काल तिनं आपली बॅग भरली. चेन बसत नव्हती. मी गुडघ्यानं दाबून लावून दिली.

पत्राची न्हाय, तुझीच वाट बघणारी,
शिवलीला