शिसं लावलेला झगा

पप्पा, मेलेल्यांशी बोलू नये, ते प्रभूच्या हाती असतात, असं तुम्ही जन्मभर व्यासपीठावरून सांगितलंत. म्हणून मी बोलत नाही, लिहितेय. हिशेबाच्या वहीची मागची चार पानं उरली आहेत आणि कोरी पानं टाकवत नाहीत, असं समजा. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. ह्यांना पेन्शन लागल्यावर आम्ही रत्नागिरीलाच येऊन राहिलो, आणि आता मी पुन्हा तुमच्याच चर्चमध्ये, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसते. गेल्या महिन्यात चर्चच्या मंडळीनं ठरवलं की व्यासपीठाखालचा बाप्तिस्म्याचा, जांभ्या चिऱ्यांचा हौद बुजवायचा आणि बाहेर टाइल्स लावून नवा बांधायचा. जुना गळतो हे खरं आहे. तुमच्या वेळीही गळायचा. हौदाशेजारच्या खोलीतलं कपाट आवरायचं काम महिला मंडळाकडे आलं आणि पाळकसाहेबांची मुलगी म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. कपाटात बाप्तिस्म्याचे सतरा झगे निघाले. सोळांचा घेर खालून तांबूस झालेला. चिऱ्याचं पाणी लागलं की कापड कितीही धुवा, तो रंग जात नाही. सतरावा अगदी तळाशी, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो पांढराच होता. त्याला कधी पाणी लागलेलंच नव्हतं. मात्र त्याची खालची दुमड तीनदा उसवून खाली सोडलेली होती, जुन्या टाक्यांच्या तीन ओळी कापडावर दिसत होत्या, आणि टाका तुमचा होता. असा झगा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तुमचा टाका कोणीही ओळखेल. मिशनच्या बोर्डिंगात शिवण शिकलात, म्हणून झग्यांचं काम तुम्ही आईकडे कधी दिलं नाहीत. मांजरपाट आणायचात, व्हरांड्यातल्या बाकावर चष्मा लावून बसायचात, आणि दुमडीत मिरकरवाड्याहून आणलेले जाळ्याच्या शिशाचे मणी एकेक करून शिवायचात. पाण्यात उतरल्यावर झगा फुगून वर येऊ नये, बायकामुलींना संकोच वाटू नये, म्हणून ते वजन. शिसं मागायला गेलात की मच्छीमार हसायचे. पाळकसाहेबांनी नवीन जाळं टाकायला घेतलंय का, म्हणून विचारायचे, आणि तुम्ही म्हणायचात, जुनंच आहे, मासे तेवढे येत नाहीत.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दुपारी हौद भरायचा तो आपल्याच घरानं. व्यासपीठाच्या फळ्या उचलायच्या, आत उतरून शेवाळ घासायचं, आणि मग मागच्या विहिरीवरून हंडे. आई पोहरा ओढायची, मी आणि धाकटा भाऊ वाहायचो. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असली की तुम्ही एकेका हंड्याकडे बघायचात. रविवारी उपासना संपली की बोळा काढून तेच पाणी पाटानं माडांना सोडायचं. एकदा मी विचारलं, ह्या पाण्यावर प्रार्थना झाली आहे, मग माडांना कसं घालायचं? तुम्ही म्हणालात, "पाणी पवित्र नसतं, बाय. पण फुकटही नसतं." माझा काटकसरीपणा कुठून आला असं हे विचारतात तेव्हा मी हे वाक्य सांगते.

आपल्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. कळत्या वयात माणसानं स्वतः येऊन मागायचा, मग पाळकानं त्याला प्रश्न विचारायचे आणि पाण्यात उतरवायचं. हे मला पाठ होतं, म्हणूनच तो खेळ सुचला असेल. मी चौदाची होते. हौद भरून झाला होता, आई स्वयंपाकघरात कुळथाचं पिठलं ढवळत होती, आणि मी भावाला घेऊन पाण्यात उतरले. त्याला सगळे प्रश्न विचारले, तुमच्यासारखा आवाज काढून. त्यानं सगळ्यांना हो म्हटलं, कारण मी त्याला अर्धी चिक्की कबूल केली होती. मग पित्याच्या, पुत्राच्या, असं म्हणत मी त्याला मागे वाकवला. तो नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला तेव्हा तुम्ही दारात होतात. तुम्ही हात उगारला नाहीत. भावाला बाहेर काढून पंच्यानं पुसलंत, आणि मी अजून कमरेएवढ्या पाण्यात उभी असताना म्हणालात, "हा खेळ नाही. तुला हवा असेल त्या दिवशी माझ्याकडे ये आणि माग. मी तुला विचारायला येणार नाही. बापाच्या धाकानं घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसती अंघोळ." त्या संध्याकाळी पिठलं करपलं होतं, तेच सगळ्यांनी खाल्लं.

मी ते शब्द जसेच्या तसे ऐकले, त्यात गैरसमज नव्हता. पण चौदाव्या वर्षी मुलगी शब्दांपेक्षा चेहरा जास्त लक्षात ठेवते. तुमचा चेहरा मला असा वाटला की ही अजून लायक नाही. लायक झाले की ते बोलावतील, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्यांच्या मुलांना तुम्ही बोलवायचात ना. सायकलवरून घरोघर जायचात, काळा चहा घ्यायचात, विचारायचात की काय रे, काही विचार केलास का. आपल्याच घरात तेवढा तो प्रश्न कधी आला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली बाकावरून यायची. बाप्तिस्मा झाल्याशिवाय ती घ्यायची नसते, म्हणून मी त्यातलं काही न घेता पुढच्या बाईच्या हातात द्यायची. पंधराव्या वर्षी दिली, अठराव्या दिली, विसाव्याही दिली. माझ्याहून लहान मुली माझ्या डोळ्यांसमोर हौदात उतरून वर आल्या, आणि त्यांच्यासाठी पाणी मी भरलेलं होतं. मंडळीचा कारभार बघणारे एक म्हातारे डीकन होते, त्यांना राहवायचं नाही. सगळ्यांसमोर म्हणायचे, "पाळकसाहेब, अख्खी रत्नागिरी भिजवलीत, घरची बाय तेवढी कोरडी." लोक हसायचे. तुम्हीही थोडं हसायचात आणि म्हणायचात, तिचं तिला ठरवू दे. मला वाटायचं, तुम्ही मला झाकताय.

बाविसाव्या वर्षी लग्न होऊन सांगलीकडे गेले. तिथल्या पाळकांनी दुसऱ्याच रविवारी सरळ विचारलं, तुमचा बाप्तिस्मा झालाय का? झाला नाही म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. सासूबाईंनी तुम्हाला पत्र टाकलं. तुम्ही रात्रभर एसटीनं आलात, दाढीही केली नव्हती. हौद नवा, निळ्या फरशांचा, नळाचं पाणी. पाण्यात माझ्याबरोबर तिथले पाळक उतरले, तुम्ही उतरला नाहीत. त्यांनी आग्रह केला होता, तुम्ही नको म्हणालात. "ही तुमची मंडळी, काम तुमचं," असं त्यांना सांगितलंत. मी वर आले तेव्हा पायरीशी तुम्ही टॉवेल धरून उभे होतात. माझ्या डोक्यावर टॉवेल टाकलात आणि विचारलंत, "पाणी गार होतं का?" मी नाही म्हटलं. तेवढंच. दुपारच्या गाडीनं परत गेलात. त्यानंतर सतरा-अठरा वर्षं तुम्ही होतात, सणाला, बाळंतपणाला भेटत होतो, आईच्या मातीला बरोबर उभे होतो. आणि ह्या विषयावर आपण एक शब्द बोललो नाही.

कपाट आवरताना मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, जुन्या झग्यांची फडकी करू या, कापड चांगलं आहे. मी बरं म्हटलं. सोळा झग्यांचं शिसं उसवून काढलं आणि ते मिरकरवाड्यात देऊन आले. मच्छीमारांनी ठेवून घेतलं, जाळ्याला चालतं म्हणाले. सतरावा मी पिशवीत घालून घरी आणला. कोणी विचारलं नाही.

पहिल्या पानावर मी एक चुकीचं लिहिलं आहे. हिशेबात खाडाखोड करायची नाही, चूक तशीच ठेवून खाली बरोबर काय ते लिहायचं, ही माझी पद्धत. म्हणून इथे लिहिते. तो झगा मला ठाऊक होता. मी वीस वर्षांची होते, शनिवारची दुपार, हंडा घेऊन व्हरांड्यावरून चालले होते. तुम्ही बाकावर बसून त्याची दुमड सोडत होतात. तुम्ही लपवला नाहीत. नजरेनंच माझ्या खांद्यापासून घोट्यापर्यंत माप घेतलंत आणि पुन्हा सुईकडे वळलात. मी विचारलं, हा कोणासाठी? तुम्ही म्हणालात, "जिला लागेल तिच्यासाठी." मला समजलं, पप्पा. तुम्ही मला नालायक समजत नाही, थांबला आहात, हे त्या घटकेला लख्ख समजलं. माझ्या तोंडाशी शब्द आलाही होता. पण सहा वर्षं मी मनात धरून ठेवलं होतं की हाक तुम्ही मारायची. पाळक म्हणून नव्हे, बाप म्हणून, एकदा तरी. ते सोडवलं नाही. मी बरं म्हटलं आणि विहिरीवर गेले. त्या दिवशी सगळा हौद मी एकटीनं भरला.

ही पानं वहीतच राहतील. काल हे बाजारात गेले असताना दार लावून झगा अंगाला लावून पाहिला. बरोबर घोट्यापर्यंत येतो.