म्युझियममधल्या पुतळ्याला अग्नी देण्याबाबत

लिहून ठेवणार: सौ. मथुराबाई उत्तरेश्वर तारू, वय एकाहत्तर, धंदा मासळी विक्री, राहणार कासारी तलावावरची भोईवस्ती, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव.

माझी बुद्धी जागेवर आहे. अणदूरच्या डॉक्टर महालिंगप्पांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचे नसते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. मी तोंडाने सांगते आहे आणि वकील नंदीश लिहून घेत आहेत. मध्येच ते म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत न्हाय." मी म्हणते, "बसवा."

मला दोन लेकरे. मुलगा कृष्णराज इथे वस्तीवर असतो, मुलगी शिवांजली हॉलंडात. माझे पती उत्तरेश्वर यांच्यासाठीच हा सगळा कागद आहे.

कलम पहिले. बोरमाळ आणि पाटल्या शिवांजलीला द्याव्यात. राहते पत्र्याचे घर कृष्णराजला. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मेनिम्मे घ्यावे आणि भांडू नये. भांडायचेच असेल तर माझे दिवस झाल्यावर भांडावे.

कलम दुसरे. जाळी सगळी बब्रुवानला. बब्रुवान माझ्या पतीचा जोडीदार, दोघे एकत्रच जाळी टाकायचे. काहिलही त्यालाच. परगावच्या माणसाने हे वाचले तर त्याच्यासाठी सांगते, काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. ढोकीकडे कारखाना झाला, गुऱ्हाळे बसली आणि काहिली मोडीत निघाल्या. आमच्या लोकांनी त्या आणून पाण्यात सोडल्या. आमची होडी तीच. ती पाण्यातच राहावी. तिच्यात माती भरून कोणी फुलझाडे लावली तर मी वरून बघत असेन.

मच्छीमार सोसायटीच्या ज्या चेअरमनने बाईला सभासद करता येत नाही असे मला तोंडावर सांगितले, त्याला दहाव्याचे बोलावणे धाडू नये. आलाच तर चहावर बोळवण करावी.

कलम तिसरे, आणि खरे कलम हेच. तलावाकाठची जागा माझ्या नावावर आहे. तिच्यावर कृष्णराजने म्युझियम बांधले आहे. ती जागा कोणाला जावी हे सांगण्याआधी तिथे काय झाले ते सांगते.

तलाव झाला तेव्हा जुनी कासारी पाण्याखाली गेली. आमचे घरही गेले. एका भर दुपारी माझे पती एकटेच काहिल घेऊन जाळी उचलायला गेले. वारा नव्हता, लाट नव्हती. बब्रुवानला काहिल मध्यावर सापडली, सरळ, वल्हे आत, मासे आत तडफडत होते. माणूस नव्हता. गळ टाकले, सोलापूरहून पाणबुडे आले. काही हाती लागले नाही. लोक म्हणाले, जुन्या घराच्या आढ्याला अडकला असेल. हे बाईला सांगायचे असते का? तेव्हापासून मी तलावाचे पाणी प्याले नाही. हापशावर जाते.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षे वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याला नारळ लावायचा, त्याच्याच कपड्यात गुंडाळून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्यात रीत आहे. बारा वर्षे झाली तशी भावकी दारात आली. मी म्हटले, "माणूस सापडला न्हाय आन् जाळता काय?" मी कुंकू पुसले नाही. बायका मागून काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोला म्हणावे, तोंडाला कुलूप कोण लावणार.

मध्ये शिवांजलीच्या बाळंतपणाला हॉलंडला गेले. तिने मला व्होलेंडाम नावाचे कोळ्यांचे गाव दाखवले. लाकडी घरे, बंदरावर जुन्या होड्या, धुरावर भाजलेली वाम. त्यांच्या समुद्राला बांध घातला, त्याचे तळे झाले, मासळी गेली. मग तिथली माणसे बघायला माणसे यायला लागली. एका दुकानात मला टोकदार टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांचा घागरा घालून फोटो काढला. लई हसले मी त्या दिवशी, खोटे कशाला बोलू. पण पुढे म्युझियममध्ये एक कोळी टेबलाशी बसवला होता, कपडे घातलेला, पुढ्यात कप. मी विचारले, "शिवा, ह्यांचं क्रियाकर्म झालं का गं?" ती म्हणाली, "आई, पुतळा आहे तो." मी तिथून बाहेर आले.

फोटो बघून कृष्णराजच्या डोक्यात आले, आपणही असेच गाव करू. उन्हाळ्यात पाणी हटले की जुनी वेस दाखवायची, मासळीची थाळी, जुने कपडे घालून फोटो. वाईट काही नाही, वस्तीला काम मिळाले. पण त्याने पुतळा केला. आत कडबा भरला. अंगात बापाची बंडी आणि धोतर. तोंड नीट जमेना म्हणून डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि वर पटका बांधला. बब्रुवान बघायला आला तो दारातच थबकला. "पोरा, काय केलंस हे? हे तर जाळायचं माणूस हाय!" कृष्णराजला रीत माहीत नव्हती. मी होऊच दिली नव्हती, तर त्याला कुठून माहीत असणार.

तेव्हापासून ते आले आहेत. धोतराचा काठ ओला असतो. कृष्णराज म्हणतो, भिंतीला ओल आहे. भिंतीच्या ओलीला तळाच्या गाळाचा वास येतो का? कुलूप लावलेल्या खोलीत दुपारी काहिलीच्या काठावर वाजावे तसे टण टण वाजते. मासळी जाळ्यात हाकायला ते तसेच वाजवायचे. नंदीश, लिहा हे, मान हलवू नका.

आणि पुण्याच्या बाया माझेच लुगडे नेसतात, माझ्याच नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि फोटो काढतात. ते उभे असतात मुकाट. बसा म्हणायलाही कोणी नाही.

मी कृष्णराजला म्हटले, जाळून टाक. तो म्हणाला, "आई, लोकं तेच बघाया येतेत. अन् ते बाबा न्हाईत, कडबा हाय."

"कडबा हाय, तर जाळायला जीव का जातो तुझा?"

त्यालाही ते टण टण ऐकू येते. पोरगा दुपारचा त्या खोलीत जात नाही.

तर तलावाकाठची जागा कृष्णराजला द्यावी, पण त्या पुतळ्याला स्वतःच्या हाताने अग्नी दिल्यावरच. कडब्यावर पळसाची पाने बांधावीत. बंडी, धोतर, पटका अंगावर राहू द्यावा, आठवण म्हणून काही काढून ठेवू नये. दिला नाही, तर जागा शिवांजलीची आणि म्युझियम पाडावे. हे झाले की नाही ते बब्रुवानने बघावे. म्युझियम पुढे चालले तर माझी ना नाही. व्होलेंडाममधला माझा टोपीचा फोटो लावावा, त्यात मी हसते आहे.

कलम चौथे. नंदीशनी विचारले, "मग आजी, आजच का जाळत न्हाय? जागा तुमचीच हाय." बरोबर आहे. आज जाळले तर उद्या मला कुंकू पुसावे लागेल. इतकी वर्षे लोकांच्या बोलण्यावर पुसले नाही, ते आता काय पुसू.

म्हणून आधी मी. मला हिरवे लुगडे नेसवावे, मळवट भरावा, ओटी भरावी. पुतळा आणून माझ्या शेजारी उभा करावा. आधी मला अग्नी द्यावा, आणि माझी चिता पुरती पेटल्यावर त्यांना. बब्रुवान म्हणतो, ही रीत उलटी आहे. असू दे उलटी. घटकाभर त्यांनीही मागे राहून बघावे, कसे असते ते.

ठिकाण: तुळजापूर. दिनांक: १४ मे २०२५.

सही: सौ. मथुराबाई उत्तरेश्वर तारू

आम्हा दोघांच्या देखत वाचून दाखवले, त्यांनी ऐकून सही केली, मग आम्ही केली:
१. डॉ. महालिंगप्पा, अणदूर
२. नीलम्मा, शेजारीण, भोईवस्ती