फळीवरचे तीन पेले

३ ऑक्टोबर, सोमवार

लिही. मी सांगते तसंच लिही, मधे स्वतःचं शहाणपण घालू नकोस. माझ्या नातीचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला मोती काय नि मिरी काय, सगळं काळंच दिसतं.

तर आम्ही आलो. लेकाला ही जुनी जागा चालवायचं काम मिळालं, सून टेबलं बघणार, आणि भांडी विसळायचं काम माझं. कोणी दिलं नाही, मीच ओढून घेतलं. जन्माची खोड. तीनशे वर्षांची वास्तू आहे, लांबून लांबून लोक येतात, असं लेक छाती फुगवून सांगतो. सून म्हणते, आई, टॅव्हर्न म्हणा. मी म्हणते गुत्ता. तीनशे वर्षं झाली म्हणून गुत्त्याचं देऊळ होत नाही.

पण जागा आवडली हो. खाली लांब दालन, काळ्या तुळया, भिंतीतली शेकोटी, वर आमच्या दोन खोल्या. संध्याकाळी भाजलेल्या मांसाचा नि कांद्याच्या रश्श्याचा वास सुटतो, बाजावाला येऊन वाजवतो, लोक पितात, नाचतात, एकमेकांच्या पायावर पाय देतात, माफी मागतात नि पुन्हा देतात.

तुळईला आकड्यांवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कथलाचे पेले टांगलेत, ज्याच्या त्याच्या नावाचे. इथला जुना वाढपी, दात दोन पण जीभ तिखट, त्याने आमचेही आणून ठेवले होते. लेकाचं, सुनेचं, नातीचं नाव कोरलेलं. माझ्या पेल्यावर नातीने खिळ्याने चिमणी काढली, कारण आजीला चिमणी वाचता येते. वाढपी म्हणाला, नावाशिवाय पेला म्हणजे कोणाचाच नाही. म्हटलं, बरंच आहे, कोणी हाक मारणार नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी दालन बंद असतं. आज एकटीनेच सगळे पेले उतरवून घासले. शेकोटीवरच्या फळीवर तीन उपडे पडले होते, बोटभर धूळ. तेही घासले आणि रिकाम्या आकड्यांना टांगले. फळीवर पाटी होती खरी, पण पाट्या माझ्याशी बोलत नाहीत. कंबरेचा काटा ढिला झाला, तुळई मात्र लखलखली.

नात शाळेतून आली आणि मला माझं नाव गिरवायला बसवलं. तीन अक्षरं. पहिलं बरं आलं, दुसरं लंगडं, तिसरं आलंच नाही. हे गेल्यापासून त्या नावाने कोणी बोलावलं नाही. पोर म्हणते, किती छान नाव, अगदी नवं वाटतं. म्हटलं, वापरलंय कुठे फारसं.

६ ऑक्टोबर, गुरुवार

वाढप्याने तुळई बघितली आणि हातातला तांब्या सोडला. मला म्हणाला, आजीबाई, घाण कुठे आणि माणूस कुठे एवढंही कळत नाही? पाटीवर लिहिलं होतं, हात लावू नये.

ते तीन पेले इथे बसल्या जागी गेलेल्या तिघांचे. तिघे कायमचे बसून असतात म्हणून बाकीचे सगळे उठून घरी जाऊ शकतात, असं तो म्हणाला. त्यांना उठवलं तर त्यांच्या जागी दुसरे तीन बसणार.

मी हात जोडले. त्याने नावं वाचून तिन्ही पेले परत उपडे घातले. लेक हसला. मीही हसले, पण जरा उशिरा.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी तिन्ही पेले पुन्हा आकड्यांवर. एकदा उठलेला माणूस सांगितलं म्हणून परत झोपतो होय?

फळीवर एकच उपडा होता. वाढप्याचा. तो म्हणाला, चला, चाळीस वर्षं उभा होतो. त्याच्या हातून पाव घेताना बोटं लागली. बर्फ.

८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी तो शेकोटीजवळच्या बाकावर बसलेला सापडला. मूठ पेला धरल्यासारखी वळलेली. ती उघडेना.

लेक म्हणाला, वय झालं होतं. वय तर माझंही झालंय.

११ ऑक्टोबर, मंगळवार

फळीवर दुसरा. बाजावाल्याचा. संध्याकाळी त्याने हातमोजे घालून वाजवलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

बाजावाला गेला. त्याच बाकावर. वाढपी बसला होता तिथपासून मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून —

लेकाला म्हटलं, इथून निघू या. तो म्हणाला, आई, तू दमली आहेस. दमलेच आहे रे. म्हणूनच तर सुचलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

माझा पेला मीच फळीवर उपडा घातला. कोणीतरी बसायचंच ना तिसरं? मी बसते. जन्मभर उभं राहून राहून पायांचे खांब झालेत. पोरी, डोळे पूस, वही भिजेल.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

माझा पेला आकड्यावर परत.

चिमणी त्या तिघांना वाचता येत नाही. नावाशिवाय पेला कोणाचाच नाही, वाढपी म्हणालाच होता. नातीला म्हटलं, माझं नाव कोर. तिने खिळा फेकला. मी नाही कोरणार, म्हणाली, आणि रडली. बरं, मग निदान तिसरं अक्षर शिकव, बाकीची रोज गिरवून घेतेस, तेवढंच राहिलंय. असंच. गंमत म्हणून.

ती शिकवत नाही. शहाणी आहे. माझ्यावर गेली आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार

तिनेच पाहिला. आजी, फळीवर माझा आहे, म्हणाली.

तांदळाच्या डब्यात तळाशी दडवला. दालनात येऊन बघते तर — फळीवर. उपडा. तांदूळ चिकटलेला.

सून गोधड्या घालते. डॉक्टर म्हणाला, उद्या बघू. उद्या! हात दे इकडे. किती गार गं. पेन सोड. नको, धर, एवढंच एक, मला दाखव, तिसरं अक्षर कसं वळतं ते, आजीसाठी —

तिने काढून दाखवलं. मोत्यासारखं.

१६

मी लिहिते

पोर शेकोटीपाशी निजली

खिळा आहे पेला आहे

दोन कोरली

बाक उब आहे बसले बरं वाटत

पोरीचा हात गरम झा

एक राहिलं ते अ