मामांच्या दोन सुपाऱ्या

मंगळवार, संध्याकाळ. सेलू.

१. मामा वालूरहून स्थळ घेऊन आले.
२. तिथली रेणुका आमच्या सुनीलदादाला, तिचा भाऊ मला. साटंलोटं.
३. दादाला रेणुका पसंत आहे. मला कुणी विचारलं नाही.

मामांनी दोन तळहातांवर दोन सुपाऱ्या ठेवून दाखवल्या. "बघ माय, तोलामोलाचं हाय. एक द्यायची, एक घ्यायची. कुणाचंच काई जात न्हाई."

"वजन केलंत का, मामा?"

"माती तपासू तपासू जीभ लय धारदार झाली की गं हिची!"

आई हसली. मी नाही.

प्रयोगशाळेत दोन नमुने सारखे म्हणायचे, तर काय सारखं आहे ते आधी लिहावं लागतं. इथे काय लिहायचं? जमीन? शिक्षण? की दोघी मुली आहोत, एवढंच? जाताना मामांनी एक सुपारी तोंडात टाकली. दुसरी अजून ताटात आहे.

मी नाही म्हटलं तर दादाचंही मोडेल. हो म्हटलं आणि पुढे माझं बिनसलं, तर आमचे लोक रेणुकालाही माहेरी धाडतील. साटंलोट्यात तसंच होतं. तिला तरी कुणी विचारलं असेल का?

सुपारी डब्यात टाकली. दादाकडून नंबर घेऊन तिला लिहिलं:

"रेणुका, मी सुनीलची बहीण. तुझ्या भावाशी मला लग्न करायचं नाही. अदलाबदलीशिवाय तुला दादा हवा असेल, तर मी घरी तुझ्या बाजूने बोलेन. शुक्रवारपर्यंत कळव."